सोमवारचा राजमा

शनिवार, रात्री पावणेएक

हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय. बाहेर दिवा लावला तर बाबा जागे होतील.

ही सहल खरं तर आम्हा तिघी मैत्रिणींची. न्यू ऑर्लिन्स, दोन रात्री, खाणं-गाणं-पिणं. गुरुवारी एकीच्या मुलाला ताप आला, दुसरीने त्या निमित्ताने अंग काढून घेतलं, आणि हॉटेलचे पैसे काही परत मिळणार नव्हते. डोंबिवलीहून आलेले बाबा घरात एकच पेपर तिसऱ्यांदा वाचत बसले होते. म्हटलं, येता का? "आहे काय तिथे?" त्यांच्यासमोर नाइटलाइफ म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, जुनी ट्राम आहे. दहा मिनिटांत बॅग भरून दारात उभे.

ह्यूस्टनपासून साडेपाच तास. वाटेत अचाफलायाच्या दलदलीवरचा पूल लागतो, तब्बल 29 किलोमीटरचा. बाबांनी खांब मोजायला घेतले आणि झोपले.

पोचल्यावर आधी कॅफे द्यू माँद. 1862 पासून तिथे एकच उद्योग, कॉफी आणि बेन्ये. बेन्ये म्हणजे पिठाचे तळलेले चौकोन. एका बशीत तीन आणि वर पिठीसाखरेचा डोंगर. खाताना हसायचं नाही, असं मी बजावलं. बाबा त्यावरच हसले आणि निळा स्वेटर पांढरा झाला. मग कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, "अगं, ही तर माटुंग्याची कॉफी!" माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाची जीभ; दोन्हीकडे चिकोरीच, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी. फ्रेंचांमुळे इथे ती आधीपासून होती, पण यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफीची टंचाई पडली, तेव्हा लोकांनी चिकोरीवर दिवस काढले. पुढे कॉफी मिळू लागली तरी जिभेला लागलेली चव सुटली नाही.

बूर्बाँ स्ट्रीटवर जेमतेम वीस मिनिटं टिकलो. नाव दारूवरून नाही, फ्रान्सच्या राजघराण्यावरून पडलंय, पण आता ते कोणाला सांगून उपयोग नाही. रस्त्यावर खुशाल पीत फिरता येतं, फक्त पेला काचेचा नको. सांडलेली बिअर, फिनेल आणि निऑन. बाबांपेक्षा मीच आधी कंटाळले. ते मात्र बुटांच्या तळव्याला बाटल्यांची बुचं ठोकून टपटप नाचणाऱ्या दोन पोरांपाशी थांबले आणि स्वतःच्या खिशातले पाच डॉलर देऊन आले.

तिथून जवळच प्रिझर्वेशन हॉल. 1961 पासून ही एवढीशी खोली जुना जॅझ धरून आहे. लाकडी बाकं, पुढे जमिनीवर उश्या, दारू मिळत नाही, वाजवताना फोटो काढायचा नाही. माईकशिवाय क्लॅरिनेट पाच फुटांवरून ऐकलं की कळतं, आपण आजवर त्याचा फोटोच पाहत होतो. पाऊण तासाने बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "तो ढोलवाला मुद्दाम किंचित उशिरा मारत होता. ऐकलंस?" मी ऐकलं नव्हतं.

रविवार

आज ट्राम. सेंट चार्ल्स मार्ग 1835 पासून चालू आहे, आधी घोडे आणि वाफ, 1893 पासून वीज. हिरवे डबे 1923-24 चे, नॉर्थ कॅरोलिनात बांधलेले. सव्वा डॉलर तिकीट. लाकडी बाक, उघड्या खिडक्या, पितळी मुठी. शेवटच्या थांब्यावर चालक खटाखट सगळ्या बाकांच्या पाठी उलट्या करत पलीकडच्या टोकाला गेला, आणि बाबा त्याच्या मागोमाग. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. आज त्यांनी त्याच मार्गावर चार फेऱ्या मारल्या. बाहेर ओकच्या फांद्यांवर गेल्या मार्दी ग्राच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, माळा लटकत होत्या, श्रीमंतांचे वाडे होते. यांची नजर ब्रेकच्या दांड्यावर.

2005 साली कत्रिना वादळात बंधारे फुटून शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला, तेव्हा दुसऱ्या मार्गाचे नवे लाल डबे बुडाले आणि हे म्हातारे हिरवे वाचले. मी जरा भारावूनच सांगितलं. बाबा म्हणाले, "शेड उंचावर असेल. बाकी काही नाही." तसंच आहे म्हणा.

दुपारी ट्रेमे ही जुनी वस्ती. काँगो स्क्वेअरमध्ये गुलामांना रविवारी जमायची, ढोल वाजवायची मुभा होती. 1817 मध्ये नगरपालिकेने नियमच केला की जमायचं तर इथेच. याच वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले भरतकामाचं कापड विकत आले आणि काळ्या कुटुंबांत लग्नं करून राहिले. ("बंगाली कुठेही पोचतात." इति बाबा.)

आणि मग सेकंड लाइन. वस्तीतली मंडळं रविवारी बँड लावून मिरवणूक काढतात. मंडळ आणि बँड ही पहिली रांग. मागून जो कोणी नाचत येईल ती दुसरी. आमंत्रण नाही, तिकीट नाही. छत्र्या, हातरुमाल, सूझाफोन या भल्यामोठ्या पितळी वाद्याचा पोटात घुमणारा आवाज, ढकलगाडीवर बर्फातल्या बाटल्या, शेगडीवरच्या सॉसेजचा धूर. मी नाचले. चांगली दोन तास नाचले, बाबांसमोर, आणि लाज वाटायची राहून गेली. बाबा ढोलवाल्याच्या बाजूने चालत होते. ढोलावर झांज बसवलेली आणि तो ती स्क्रू ड्रायव्हरने वाजवत होता! दिवसभरात ट्रामनंतर त्यांना एवढं काही आवडलं नसेल.

परतताना सांगितलं, इथे अंत्ययात्रेतही बँड असतो. जाताना संथ, आणि निरोप देऊन झाला की हेच नाचाचं संगीत. ते म्हणाले, "आपल्याकडे माळकऱ्याला भजन करतच नेतात. आप्पांना नेलं होतं." थोडं चालून, "पण परत येताना सगळे गप्प होते."

रात्री गंबो खाल्लं. पीठ तेलात चॉकलेटी होईपर्यंत भाजायचं, मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, मग कोळंबी. गंबो हा शब्दच मुळात आफ्रिकेतला, अर्थ भेंडी. बाबांनी वाटीत भेंडी शोधली, सापडली, समाधान.

सोमवार, घरी

इथे सोमवारी लाल राजमा-भात. पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस. बायका रविवारच्या हॅमचं हाड घालून राजमा मंद आचेवर ठेवायच्या आणि कपडे घासायला बसायच्या. इथलाच जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करताना या राजमा-भाताची आठवण काढायचा. निघण्याआधी मी थाळीभर खाल्ला. बाबांचा सोमवार; समोर काळी कॉफी घेऊन बसले. वाढणाऱ्या बाईंना मला विचारायला लावलं: हाड काढलं तर चव कशाने येते? त्या एवढ्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. शेवटी म्हणाल्या, तमालपत्र, आणि घाई करू नका.

आल्या आल्या मशीन लावलं. स्वेटर झटकला तरी साखर निघतेच आहे. येताना घेतलेला राजमा भिजवलेला नाही, तसाच कुकरमध्ये टाकलाय. बाबा सोमवार त्यावरच सोडणार म्हणतात. सहा शिट्ट्या झाल्या. अजून तेवढ्याच लागतील.