तुम्ही विचारलंत म्हणून: राष्ट्राध्यक्षाच्या खात्यावर नेमकं काय मांडायचं?

प्रश्न दर निवडणुकीला येतो, हल्ली अधल्यामधल्या काळातही येतो: अमेरिकेचा अमुक राष्ट्राध्यक्ष अर्थव्यवस्थेसाठी चांगला की वाईट? विचारणाऱ्याच्या हातात बहुतेकदा एक आलेख असतो. बेरोजगारीची किंवा कर्जाची रेघ, आणि तिच्या मागे लाल-निळे पट्टे: लाल रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या काळाचा, निळा डेमोक्रॅटच्या. पट्टा बदलल्यावर रेघ वळलेली दिसली की निकाल तयार. कावळा बसला नि फांदी मोडली, एवढाच तो पुरावा. फांदी आधीच किडली होती का, ते आलेखात दिसत नाही.

म्हणून आधी तारखेचं बघू. शपथविधी २० जानेवारीला होतो, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे नवा माणूस व्हाइट हाउसमध्ये शिरतो तेव्हा चालू वर्षाचे साडेतीन महिने उलटून गेलेले असतात आणि उरलेले आठ-साडेआठ महिने मुख्यतः आधीच्याच खर्चावर चालायचे असतात. २००९ या आर्थिक वर्षाची तूट १.४ लाख कोटी डॉलरवर गेली, म्हणजे तिकडच्या भाषेत १.४ ट्रिलियन. हा आकडा आजही सर्रास ओबामांच्या नावावर टाकला जातो. पण काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने (सीबीओने) त्याच जानेवारीत, ओबामांनी शपथ घेण्याआधीच, १.२ लाख कोटींचा अंदाज छापला होता. बँका वाचवण्यासाठीच्या ७०० अब्ज डॉलरच्या कायद्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये सही धाकट्या बुश यांची होती. ओबामांशी वाद घालायचा तर ढोबळमानाने त्या वरच्या तुकड्यावर घालावा, सगळ्या डोंगरावर नव्हे. हाच नियम उलट दिशेनेही लावायचा: २००१ च्या आर्थिक वर्षात शिल्लक दिसते, पण त्या वर्षाचा अर्थसंकल्प क्लिंटन यांच्या काळातला होता.

रोजगाराचं घड्याळ आणखी वेगळं. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स दर महिन्याला कंपन्यांना विचारते ते १२ तारीख ज्या पगाराच्या कालावधीत येते त्या कालावधीबद्दल. शपथ २० तारखेला. म्हणजे जानेवारीचा आकडा मावळत्याचा, आणि नव्याची मोजणी फेब्रुवारीपासून. एका महिन्याने काय फरक पडतो, असं वाटेल. मंदीच्या तोंडावर सत्ता बदलली असेल तर लाखो नोकऱ्यांचा पडतो.

मग प्रश्न येतो तो एकूण बेरजेचा की वेगाचा. रेगन यांनी सुमारे १.६ कोटी नोकऱ्या वाढवल्या, कार्टर यांनी सुमारे १ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून कार्टर यांची टर उडवली जाते. रेगन आठ वर्षं होते आणि कार्टर चार, हे त्यात राहून जातं. वर्षाला टक्केवारी काढली तर कार्टर यांच्या काळात रोजगार साधारण ३.१ टक्क्यांनी वाढला आणि रेगन यांच्या काळात २.१ टक्क्यांनी. यावरून कार्टर यांना हारही घालू नका. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्या दशकात कामाच्या वयात आली होती आणि स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत शिरत होत्या. ते काही व्हाइट हाउसमध्ये ठरलं नव्हतं.

आता आकडा तयार कसा होतो त्याकडे. सगळ्यात जास्त फसवतो तो जीडीपीचा तिमाही आकडा, कारण अमेरिकेत तो वार्षिक दरात सांगतात: हाच वेग वर्षभर टिकला तर काय होईल, अशा पद्धतीने. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अर्थव्यवस्था ३१.४ टक्क्यांनी घसरली आणि तिसऱ्या तिमाहीत ३३.४ टक्क्यांनी वाढली, असे आकडे त्या वर्षी जाहीर झाले. ऐकणाऱ्याला वाटलं, गेलं तेवढं परत आलं, वर दोन टक्के नफा. वर्षात चार तिमाह्या, म्हणून चौथं मूळ काढून पाहा. घसरण प्रत्यक्षात सुमारे ९ टक्के होती आणि वाढ सुमारे साडेसात. १०० चे ९१ झाले, ९१ चे जेमतेम ९८. खड्डा अजून शिल्लक होता, आणि पहिल्या तिमाहीतली घसरण तर यात धरलेलीच नाही.

सरासरी पगाराचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये ताशी सरासरी पगार एका महिन्यात ४.७ टक्क्यांनी वाढून ३०.०१ डॉलर झाला. इतिहासातल्या सर्वात भीषण रोजगारघटीच्या महिन्यात पगारवाढ! कोणाच्याही हातात जास्त पैसे आले नव्हते. हॉटेलं आणि दुकानांतली कमी पगाराची माणसं यादीतून गळाली आणि उरलेल्यांची सरासरी वर चढली. नंतर ही माणसं कामावर परतली तेव्हा सरासरीला उलटा ओढा लागला. ट्रम्प यांच्या शेवटच्या वर्षाची पगारवाढ बायडन यांच्या पहिल्या वर्षाशी ताडून पाहणाऱ्याने हे आधी वजा करावं.

महागाईबद्दल दोन चुका नेहमीच्या. एक, सुरुवातीचा आकडाच चुकीचा घेणं. २०२४ मध्ये बायडन यांनी आपण आलो तेव्हा महागाई ९ टक्के होती असं सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये ती १.४ टक्के होती, आणि ९.१ चं शिखर जून २०२२ चं, म्हणजे त्यांच्याच काळातलं. (दुसऱ्या बाजूला ट्रम्प यांचा ‘इतिहासातली सर्वोत्तम अर्थव्यवस्था’ हा दावा: २०१८ ची वाढ ३ टक्क्यांच्या आसपास, १९८४ ची ७ टक्क्यांच्या वर.) दुसरी चूक म्हणजे महागाईचा दर आणि भावपातळी यांची गल्लत. दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, ते फक्त कमी वेगाने चढत असतात. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२५ या काळात ग्राहक किंमत निर्देशांक एकूण २१ टक्क्यांच्या आसपास वाढला. ‘महागाई तीन टक्क्यांवर आणली’ आणि ‘सगळं महाग झालंय’ ही दोन्ही वाक्यं त्यामुळे एकाच वेळी खरी होती.

कर्जाचा आकडा देताना एकूण कर्ज म्हणता की जनतेकडचं, म्हणजे सरकारबाहेरच्यांना देणं असलेलं, ते ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. एकूण कर्जात सरकार स्वतःच्याच निधींना, उदाहरणार्थ सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेला, जे देणं लागतं तेही येतं. दोन राष्ट्राध्यक्षांची तुलना करताना एकाला हे आणि दुसऱ्याला ते माप लावणं, ही लबाडी आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दिसते.

आकड्यांच्या दुरुस्त्यांवरून हल्ली फार आरडाओरड होते, म्हणून थोडं सविस्तर. जीडीपीचे तीन अंदाज महिन्या-महिन्याच्या अंतराने येतात. रोजगाराचा आकडा पुढच्या दोन महिन्यांत दोनदा सुधारला जातो, कारण सगळ्या कंपन्यांची उत्तरं वेळेत येत नाहीत. शिवाय वर्षातून एकदा तो बेरोजगारी विम्याच्या कर-नोंदींशी जुळवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये या जुळवणीच्या प्राथमिक फेरीत मार्चपर्यंतच्या वर्षातल्या ८,१८,००० नोकऱ्या कमी झाल्या. आकडे सत्ताधाऱ्यांसाठी फुगवले जातात असं म्हणणाऱ्यांनी तारीख पाहावी: ही दुरुस्ती निवडणुकीच्या अडीच महिने आधी, सत्तेवरच्या पक्षाला अडचणीची ठरेल अशीच आली. वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, मे आणि जूनच्या आकड्यांत मिळून २,५८,००० ची घट दाखवली गेली आणि ट्रम्प यांनी ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या आयुक्तांनाच काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षाच्या आर्थिक कारभारात मी हे नावे बाजूला लिहीन, वाढीचा आकडा काहीही येवो.

इथवर आलो की खरा प्रश्न: राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं काय? कर आणि खर्चाची किल्ली काँग्रेसकडे. व्याजदर फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे. त्याच्याकडे उरतात कायद्यावरची सही किंवा नकाराधिकार, नेमणुका, नियम, आणि काँग्रेसने दिलेल्या अधिकारांतून लावलेलं आयातशुल्क. पेट्रोलचा भाव जवळपास नाहीच. मार्च २०२२ च्या अखेरीस बायडन यांनी तेलाच्या राखीव साठ्यातून सहा महिने रोज दहा लाख पिंपं काढायचं जाहीर केलं, तरी जूनमध्ये गॅलनमागे सरासरी भाव पाच डॉलरवर गेलाच.

नेमणुकांचं श्रेय कसं वाटायचं, याला पॉल व्होल्कर यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांना फेडरल रिझर्व्हवर आणलं कार्टर यांनी. त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले. त्याची पहिली झळ १९८० च्या मंदीच्या रूपाने कार्टर यांनाच बसली आणि ते निवडणूक हरले. दुसरी, मोठी मंदी जुलै १९८१ ते नोव्हेंबर १९८२, बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर. रेगन यांच्या पक्षाने १९८२ च्या काँग्रेसच्या निवडणुकीत मार खाल्ला, पण १९८३ मध्ये त्यांनी व्होल्कर यांची फेरनेमणूक केली. त्या वर्षी महागाई ३ टक्क्यांच्या आसपास आली होती. मग महागाई कोणी मोडली? काम व्होल्कर यांचं, नेमणूक कार्टर यांची, आणि दबाव असताना त्यांना हटवलं नाही हे रेगन यांचं. आलेखावर मात्र सगळं रेगन यांच्या पट्ट्यात पडतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल, कारण सोसणं हाही निर्णयच असतो. पण बीळ खोदणाऱ्याचं नाव गाळू नये.

१९९८ ते २००१ या सलग चार शिलकी वर्षांचंही असंच फोडून पाहावं लागतं. थोरल्या बुश यांनी कर वाढवणार नाही असं वचन देऊन १९९० मध्ये ते मोडलं आणि तुटीवर लगाम घातला. क्लिंटन यांचा १९९३ चा करवाढीचा कायदा प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ ने आणि सेनेटमध्ये उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्या मताने पार पडला. त्यावर शेअरबाजाराच्या तेजीतून आलेला भांडवली नफ्यावरचा कर. क्लिंटन यांच्या जमेत १९९३ ची सही टाकायची, शिलकीचा सगळा आकडा नव्हे.

प्रिन्स्टनच्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी २०१६ मध्ये युद्धोत्तर काळाचा हिशेब मांडला. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढ वर्षाला सरासरी १.८ टक्के बिंदूंनी जास्त निघाली. फरक मोठाच आहे. पण कारणं शोधली तेव्हा तेलाच्या धक्क्यांमधला फरक, उत्पादकतेची वाढ आणि परदेशातली परिस्थिती पुढे आली. अर्थसंकल्पी किंवा चलनविषयक धोरणाने तो उलगडला नाही. त्यांनी प्रत्येक राष्ट्राध्यक्षाची पहिली तिमाही आधीच्याच्या खात्यावर टाकली होती. ही सवय उचलण्यासारखी आहे.

माझी पद्धत साधी आहे. कारकिर्दीतल्या चार-पाच मोठ्या सह्या निवडायच्या. प्रत्येकीसमोर लिहायचं: त्या दिवशी काय माहीत होतं, सरकारी अंदाज काय होता, झालं काय, आणि त्याच काळात दुसऱ्या श्रीमंत देशांत काय झालं.

डिसेंबर २०१७ ची करकपात घ्या. कंपन्यांवरचा कर ३५ वरून २१ टक्के. दहा वर्षांत सुमारे १.५ लाख कोटी डॉलरचं उत्पन्न बुडेल असा काँग्रेसच्याच समितीचा अंदाज. समर्थक म्हणत, वाढीतून भरून निघेल. कंपनीकराचं उत्पन्न २०१७ मधल्या २९७ अब्जांवरून पुढच्या वर्षी २०५ अब्जांवर आलं. तूट २०१७ मध्ये ६६५ अब्ज होती ती २०१९ मध्ये ९८४ अब्ज झाली, तीही बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खाली असताना. तेजीत तूट वाढवणं मला नावे बाजूचंच वाटतं. पण मार्च-एप्रिल २०२० मध्ये गेलेल्या सुमारे २.२ कोटी नोकऱ्या त्याच खात्यावर टाकणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. आणि मार्च २०२० च्या २.२ लाख कोटींच्या मदत कायद्यावरची सही जमेत यायला हवी.

मार्च २०२१ चा बायडन यांचा १.९ लाख कोटींचा कायदा. डिसेंबरमध्येच सुमारे ९०० अब्ज दिले गेले होते, आणि भरायचा खड्डा त्या मानाने लहान आहे असा इशारा लॅरी समर्स यांच्यासारखे डेमोक्रॅट अर्थतज्ज्ञही देत होते. म्हणजे धोका त्या दिवशी माहीत होता. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनची महागाई ११.१ टक्के आणि युरो क्षेत्राची १०.६ टक्के होती. त्यांनी असा कायदा केलेला नव्हता. अमेरिकी महागाईचा एक भाग या सहीचा, बराचसा युक्रेन युद्धाचा आणि तुटलेल्या पुरवठ्याचा. शिवाय बायडन सांगत त्या नोकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक महामारीत गेलेल्या परत आल्या, रोजगाराची जुनी पातळी २०२२ च्या मध्यावर गाठली गेली. त्यापुढचीच वाढ नवी म्हणायची.

मतदार असा हिशेब करत नाहीत, आणि त्यांनी करावा असंही नाही. मंदी कधी सुरू झाली नि कधी संपली हे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चची समिती ठरवते, आणि बऱ्याच उशिरा. थोरल्या बुश यांच्या काळातली मंदी मार्च १९९१ मध्ये संपली होती, हे समितीने जाहीर केलं २२ डिसेंबर १९९२ रोजी. तोवर नोव्हेंबरची निवडणूक ते हरून बसले होते. मतदारांचंही फार चुकलं नव्हतं म्हणा: मंदी कागदावर संपून सव्वा वर्ष झाल्यावर, जून १९९२ मध्ये, बेरोजगारी ७.८ टक्क्यांच्या शिखरावर होती.