काटोल रोडवरचं तळघर: एका वायनरीच्या बांधकामाचा माझा अनुभव

संत्र्याची वाइन कडू का पडते हे समजून घेतल्यावरच मी तिच्या इमारतीचा नकाशा काढायला बसले. मी नागपुरात आर्किटेक्ट आहे. घरं, दवाखाने, एखादं मंगल कार्यालय, अशी माझी नेहमीची कामं. काटोल रोडवरच्या एका बागायतदार काकांना फळांच्या वाइनची छोटी वायनरी उभारायची होती, तीही तळघरासकट. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या खडूच्या जुन्या खाणींमध्ये बाटल्या रचलेल्या असतात, त्यांचे फोटो काकांच्या मोबाइलमध्ये होते. "असंच पाहिजे मॅडम. जमिनीत थंडच राहते ना जी."

आधी कडूपणाचं. संत्र्याच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या थरात एक घटक असतो. फळ चिरडलं की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. म्हणून काढताना गोड लागलेला रस काही तासांनी कडवट लागतो. सालीचं तेल उतरलं तर यीस्टही नीट काम करत नाही. द्राक्षातही बी फुटली की कडवट टॅनिन येतं. त्यामुळे चांगल्या वायनऱ्यांत लगदा पंपाने ढकलत नाहीत, उंचावरून आपल्या वजनाने खाली उतरू देतात. इटलीत बार्जिनो गावी आंतिनोरी या वाइन बनवणाऱ्या घराण्याची 2012 मध्ये उघडलेली वायनरी अशीच टेकडीच्या पोटात बांधली आहे. संत्र्याला तर हा हलका हात जास्तच लागतो.

शेताला चढ होता, हे नशीब. इमारत चढावर तीन टप्प्यांत बसवली. ट्रॅक्टर मागच्या रस्त्याने वर येतो, तिथे निवड आणि सोलणी होते. बी न फोडता काढलेला रस मधल्या टप्प्यावरच्या टाक्यांत उतरतो. आंबून गाळ बसला की वरची नितळ वाइन नळीवाटे तळघरात जाते. तळघराचं दार उताराच्या बाजूला, रस्त्याच्याच पातळीवर, त्यामुळे खोकी वर चढवायला लिफ्ट नको. गुरुत्वाकर्षण फुकट मिळतं असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते, माल वर कोण नेतं? इथे ते काम ट्रॅक्टरचं डिझेल करतं.

आता थंडाव्याचं. काकांच्या कोरड्या विहिरीत ऐन मे महिन्यात थर्मामीटर सोडला. वर 45 अंश, खाली 27-28. काका खूश झाले, माझ्या मात्र कपाळाला आठ्या. काही मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जवळजवळ संपतो आणि जमीन त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीला येऊन टेकते. शॅम्पेनमध्ये ती सरासरी 10-11 अंश आहे, म्हणून तिथली भुयारं आपोआप थंड. नागपूरची आहे 27 च्या आसपास. म्हणजे आपली जमीन गार करत नाही, फक्त स्थिर ठेवते. वाइन मुरायला साधारण 13 ते 16 अंश हवेत, तेव्हा चिलर, म्हणजे थंड करणारं यंत्र, लागणारच.

मग खोदायचं कशाला? काकांच्या मुलाने हा प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. उत्तर वजाबाकीत आहे. वर पत्र्याच्या शेडमध्ये 45 वरून 15 वर आणायचं तर 30 अंशांशी झुंज, खाली ती 12 अंशांची. शिवाय दुपारी वीज गेली तरी तळघर तासन्‌तास तापत नाही. तरीही भिंतींना आतून इन्सुलेशन दिलंच, नाहीतर चिलर आख्ख्या टेकडीला थंड करत बसला असता.

खोदकाम जिकिरीचं. वरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला ढकलते. ती सगळी बाजूला काढली, भिंतीमागे मुरूम भरला, तळाशी पाणी वाहून नेणारे भोकांचे पाइप टाकले. पहिल्या पावसाळ्यात त्या पाइपांतून इतकं पाणी वाहिलं की काकांनी त्यावर बागेचं शेततळं भरलं. परवान्याचे नकाशे आणि उत्पादन शुल्क विभागाचे हेलपाटे त्यांच्या सल्लागाराने सांभाळले, त्यात मी पडले नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती वायूची होती. द्राक्षाचा एक लिटर रस आंबताना 40-50 लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो, संत्र्यात साखर घालून आंबवलं तर तितकाच. तो हवेपेक्षा जड. जे गुरुत्वाकर्षण वाइन खाली आणतं, तेच यालाही तळघरात आणतं. विहिरीत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात, त्यामुळे मजुरांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "कंदील सोडून पाहू ना मॅडम," ते म्हणाले. पण ज्योत जळत असतानाही माणूस भोवंडून पडू शकतो. म्हणून हवा ओढणारी तोंडं जमिनीलगत ठेवली, वायू मोजणारा मीटर गुडघ्याच्या उंचीवर आणि त्याचा आकडा दाराबाहेर. आकडा वर असला तर कुलूप उघडायचं नाही.

हिवाळ्याअखेर फुललेल्या आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं. त्यानंतरच्या थंडीत रात्री पारा 10-12 पर्यंत उतरतो, तेव्हा झरोके उघडून ठेवले की चिलर बराच वेळ बंद राहतो. मी फक्त आंबियाचीच वाइन करा असं सुचवलं होतं. काका ऐकत नाहीत. "मृगाचं फळ गोड राहते जी," असं त्यांचं ठाम मत, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला हा मृग बहार तोडणीला येतो फेब्रुवारीनंतर, ऊन चढायला लागल्यावर. म्हणून मधल्या टप्प्यावरच्या टाक्यांना थंड पाण्याची वेगळी लाइन दिली. तिच्यावर वेगळा वीज मीटरही बसवला आहे. मृगाच्या वाइनचा भाव ठरवण्याआधी त्याचं बिल पाहू, एवढं काकांनी कबूल केलं आहे.