आळ्यातला ओलावा

लातुरात फुलबाग करायची म्हणजे आधी पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. नळाला रोज पाणी येणे ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणी गृहीत धरत नाही, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून या शहराला पाणी पुरवावे लागले, तेव्हापासून तर पाहुण्यालाही अर्धाच तांब्या भरून देण्याचा संकोच उरलेला नाही. अशा गावात अंगणात मोगरा, जास्वंद आणि गुलबक्षी जोपासणे कुणाला चैन वाटेल. पण आमच्याकडे झाडांसाठी म्हणून वेगळे पाणी काढलेच जात नाही. डाळ-तांदूळ धुतल्याचे, भाजी निथळल्याचे आणि कपडे शेवटी खंगाळल्याचे पाणी बादलीत जमते, साबणाच्या फेसाचे पाणी तेवढे मोरीत जाते. कोणती बादली कोणत्या आळ्यात रिकामी करायची हे आई ठरवते आणि त्यात ती कुणाचा सल्ला घेत नाही. मोगऱ्याशेजारी तिने एक मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. त्याच्या बुडाला छिद्र पाडून चिंधीची वात बसवली आहे, त्यामुळे भरलेले पाणी सावकाश मुळांकडे झिरपत राहते.

पाखरे आणि फुलपाखरे बागेत येतात ती फुलांसाठी, असे आपण सहज म्हणून जातो. पावसाळ्यात ते खरे असेलही. चैत्र-वैशाखात मात्र काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना, आमच्या अंगणात सर्वांत जास्त वर्दळ असते ती फुलांवर नव्हे, तर त्या ओल्या आळ्यांत. दुपारी मधमाश्या चिखलाच्या कडेला ओळीने बसून पाणी शोषताना दिसतात. हे पाणी त्यांच्या पिण्यापुरते नसते. पोळ्यात नेऊन त्याचे थेंब पसरायचे आणि पंखांनी वारा घालून पोळे थंड करायचे, असा त्यांचा उन्हाळी उद्योग असतो. कूलर आपण फार उशिरा घेतला, एवढेच म्हणायचे.

या ओलाव्याची सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे कुंभारीण. सडपातळ कमरेची ही गांधीलमाशीची बहीण आळ्याच्या कडेला उतरते, फार ओला चिखल सोडून देते, कोरड्या मातीला तोंड लावत नाही आणि नेमकी मळता येईल अशी जागा सापडली की जबड्याने मातीची गोळी वळू लागते. गोळी मुगाच्या दाण्याएवढी झाली की ती उचलून खिडकीच्या चौकटीकडे जाते. तिथे तिने बांधलेले मडके बोटाच्या पेराएवढे असते, पण त्याला गळा आणि बाहेर वळलेला काठ असतो, आणि तो काठ घडवताना ती मिशांनी आतून-बाहेरून जाडी चाचपत राहते. मडके तयार झाले की त्याच्या छताला एका धाग्याने अंडे टांगायचे, बागेतल्या बारक्या अळ्या डंख मारून लुळ्या करायच्या, त्या आत भरायच्या आणि तोंड लिंपून टाकायचे, असा तिचा क्रम आहे. ती शिदोरी पुढे अंड्यातून निघणाऱ्या पिल्लासाठी असते, आणि पिल्लाचे तोंडही न पाहता ती दुसऱ्या मडक्याच्या मातीसाठी आळ्यावर परत येते. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातली सगळी जाळी-जळमटे निघतात, पण खिडकीवरची ही मडकी रिकामी असल्याची खात्री झाल्याशिवाय खरवडली जात नाहीत.

कढीपत्त्यावर वेगळे नाट्य चालते. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी याही झाडावर पोसते. लहानपणी ती काळपट अंगावर पांढरा डाग घेऊन पानावर अशी पडून राहते की पाखराची विष्ठा समजून कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि मोठी झाली की अंगभर हिरवी होऊन पानात मिसळून जाते. तिला काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे, दोन शाखांचे एक शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. फोडणीसाठी डहाळी तोडताना आई पान उलटून पाहते. अळी असली तर ती डहाळी सोडून दुसरी घेते. फुलपाखरे हवीत आणि पान मात्र एकही कुरतडलेले नको, असा हट्ट धरणाऱ्यांनी प्लास्टिकची फुले लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जांभळा सूर्यपक्षी पाण्याचा फारसा मिंधा नाही, त्याला मध लागतो. विणीच्या हंगामात नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, मादी वरून मातकट आणि पोटाशी पिवळसर असते. जास्वंदीच्या तोंडातून रीतसर आत शिरण्याऐवजी तो पुष्कळदा देठाजवळच्या हिरव्या पेल्याशी चोच खुपसतो, भोक पाडतो आणि परागकणांना स्पर्शही न करता मध ओढून घेतो. म्हणजे फुलाच्या दृष्टीने ही सरळ चोरी झाली. कोळिष्टके, गवत आणि सालींचे तुकडे गुंफून लोंबते घरटे बांधण्याचे काम मात्र एकट्या मादीचे. नर तारेवर बसून गातो. पिल्ले झाल्यावर तोही चारा आणू लागतो, हे न्यायासाठी नोंदवले पाहिजे.

बाकीच्या मंडळींचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. सातभाई आळ्यातला पालापाचोळा उधळून किडे शोधतात आणि मी तो पुन्हा गोळा करतो. बुलबुल मातीच्या पसरट परळातल्या पाण्यात अंघोळ करून निम्मे पाणी सांडतात, पण ते मोगऱ्याच्याच मुळाशी जाते म्हणून त्यांना माफ आहे. संध्याकाळी गुलबक्षी उमलली की तिच्या लांब नळीत तितकीच लांब सोंड घालून एक जाडसर पतंग हवेत स्थिर उभा राहतो, आणि त्याला पाहून आमच्याकडे आलेले पाहुणे हमखास हा कोणता पक्षी म्हणून विचारतात.

मृगाचा पाऊस पडला की आळ्यांचे महत्त्व एका रात्रीत संपते. चिखल गावभर होतो, कुंभारणीला मातीसाठी आमच्या अंगणाची गरज राहत नाही आणि बादल्यांचा हिशेब आईही थोडा सैल सोडते. मग भाद्रपदात महालक्ष्म्या येतात आणि फुलांवर खरा दावा सांगणारी माणसे पहाटेपासून फाटकाशी उभी राहतात. शेजारच्या काकू परडी घेऊन येतात तेव्हा आई त्यांना जास्वंदीच्या खालच्या फांद्या मोकळ्या करून देते आणि वरची फुले पाखरांसाठी ठेवली आहेत, असे गंभीरपणे सांगते. वर कुणाचाच हात पोचत नाही हे काकूंनाही ठाऊक असते. तरी त्या मान डोलावतात, परडीत आणखी दोन कळ्या टाकतात आणि तगरीकडे वळतात.