तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बॉट’ ही शिवी कुठून आली?

शब्दांवर बडबड करत असतो म्हणून हल्ली पोरांचे आईबाप मला हमखास विचारतात, आमचा मुलगा मोबाईलवर खेळताना "बॉट आहेस का रे" म्हणून ओरडतो, ही कसली शिवी?

मी पण खाल्लीय ती. पुतण्याने बीजीएमआय या मोबाईलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये टीममध्ये घेतलं, मी भर मैदानात उभा राहून बंदूक कशी भरायची ते शोधतोय, तर कानात आवाज, "काका, बॉटसारखे उभे काय राहता, झोपा!" मी सोफ्यावर आडवा झालो.

तर त्या गेममध्ये शंभर जण उतरतात पण खालच्या रँकला त्यातले बरेच माणसं नसतातच, जागा भरायला सोडलेले, कॉम्प्युटर चालवतो ते बॉट असतात, सरळ चालत येतात, मधेच थबकतात, गोळ्या झाडतात त्या तुमच्या आजूबाजूला, नवख्याला दोन-चार किल मिळावेत हीच त्यांची नोकरी. माणूस असून असं खेळलात की झालात बॉट.

गंमत म्हणजे आधी उलटं होतं. १९९६ मध्ये स्टीव्हन पोल्जने क्वेक गेमसाठी रीपर बॉट बनवला, तो असा नेम धरायचा की भलेभले घामाघूम, तेव्हा कुणी बॉट म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते. आजही एमबॉट म्हणजे नेम चुकू न देणारं चीटिंगच की.

बॉट हे अर्थात रोबोटचं शेपूट. आणि रोबोट आला १९२० च्या एका चेक नाटकातून, कारेल चापेकच्या. त्याला आधी ‘लाबोरी’ म्हणायचं होतं पण ते पुस्तकी वाटेना, तेव्हा चित्रकार भाऊ योसेफ तोंडात ब्रश धरूनच पुटपुटला, मग रोबोट म्हण. चेकमध्ये रोबोता म्हणजे जमीनदाराकडची सक्तीची फुकट राबणूक, तिकडे १८४८ पर्यंत चालू होती ती. आपली वेठच! म्हणजे पोरं एकमेकांना वेठबिगार म्हणतायत, आणि त्या बॉटचं काम बघितलं तर चुकीचंही नाही, मरायलाच उतरवलेला तो.

अजून खाली खणलं तर बरेच भाषातज्ज्ञ त्या स्लाव्हिक शब्दाचं मूळ संस्कृत ‘अर्भ’शी जोडतात, ज्यातून आपलं अर्भक आलं.

हे सगळं मी पुतण्याला गेम चालू असतानाच सांगत होतो. तो म्हणाला, "काका, तुम्ही नॉक झालायत, हलू नका, रिव्हाइव्ह करतो."