दोन डिस्का की एक: आमच्या दुकानाची वाटचाल

१९९८ च्या दसऱ्याला सांगलीत हरभट रोडजवळच्या एका बोळात, दहा बाय बाराच्या गाळ्यात मी आणि माझ्या मावसभावाने असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने पार्ट आणायचे, सकाळी मशिन जोडायचं, संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं. पहिली पाच-सहा वर्षं अशीच गेली. हळदीच्या अडत्यांकडे टॅली, क्लासवाल्यांच्या लॅब, दोन-चार दवाखाने. त्यात लिहिण्यासारखं फार नाही. मला लिहायचंय ते २००४ आणि २००५ बद्दल. त्या दोन वर्षांत आमच्याबद्दल गावात जे बोललं गेलं, की यांना दोन डिस्का जोडता येत नाहीत आणि जोडल्या त्या फुटल्या, ते मी कधी खोडून काढलं नाही. आता काढतो.

त्या सुमारास सांगली-मिरजेपासून तासगाव-विट्यापर्यंतचे फोटोग्राफर लग्नाचं मिक्सिंग कॉम्प्युटरवर करायला लागले होते. मिनी डीव्हीची कॅसेट, फायरवायरच्या केबलने कॅमेऱ्यातून कॅप्चर, प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर कटिंग. आमचा निम्मा धंदा त्यांच्यावर आला. तक्रार सगळ्यांची एकच, मशिन थांबतंय.

आमच्यापासून चार दुकानं सोडून एकाने या तक्रारीवर बोर्ड लावला, ‘डबल स्पीड’. दोन ८० जीबीच्या सॅटा हार्ड डिस्का, रेड झीरो (प्रत्येक फाइलचे तुकडे करून दोन्ही डिस्कांवर आळीपाळीने लिहायचे), विंडोजला दिसणार एकच १६० ची डिस्क. इंटेलच्या ८६५ चिपसेटच्या काही मदरबोर्डांवर रेड सांभाळणारी आयसीएच फाइव्ह आर ही चिप असायची, त्यामुळे वेगळं कार्ड न घेता हे करता यायचं. करणं अवघडही नव्हतं. दहा मिनिटांचं काम.

आम्ही देत होतो ते मशिन वेगळं होतं. १०,००० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तितके फेरे फिरणारी एक रॅप्टर हार्ड डिस्क, तिच्यावर विंडोज, प्रीमियर आणि प्रोजेक्ट. कॅप्चर केलेल्या क्लिपसाठी ७२०० ची एक साधी डिस्क, रेंडर होऊन, म्हणजे तयार व्हिडिओ बनून बाहेर पडणाऱ्या फाइलसाठी दुसरी साधी डिस्क. रॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवावी लागायची. आधी ३६ जीबीची होती, मग ७४ ची आली. जागा कमी, किंमत जास्त. पण पाच वर्षांची वॉरंटी होती.

बोर्डवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, “त्यांना रेड बांधता येत नाही, म्हणून एकच डिस्क गळ्यात मारतात.” हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं. माझ्या गाळ्यात त्या वेळी प्रॉमिस कंपनीच्या रेड कार्डावर बांधलेलं रेडचं मशिन चालू होतं. मी त्यावरच दोन आठवडे स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो, आणि त्यानंतरच ते द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

हिशोब साधा होता. डीव्हीची एक फ्रेम, पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची, १,४४,००० बाइटची. सेकंदाला अशा २५, म्हणजे साडेतीन एमबीच्या आसपास. तासाभराच्या कॅसेटला १३ जीबी. ७२०० ची साधी डिस्क तेव्हा सेकंदाला चाळीस-पन्नास एमबी सहज वाचायची. ज्या नळाला तांब्याभर पाणी पुरतं, त्याला दोन टाक्या जोडून काय मिळणार? रेंडरला वेळ लागायचा तो पेंटियम फोरमुळे. प्रोसेसर घाम गाळत असायचा आणि डिस्का रिकाम्या बसलेल्या असायच्या.

मग मशिन थांबायचं कुठे? तीनशे क्लिपांचं प्रोजेक्ट उघडताना. टाइमलाइनवर इकडून तिकडे उडी मारताना. तिथे डिस्क वाचते थोडं आणि हेडची, म्हणजे तबकडीवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाची, पळापळच जास्त होते. ७२०० च्या डिस्कला हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७ मिलिसेकंद. १०,००० ला ३. हेड सरकायला साध्या डिस्कला साडेआठ-नऊ, ७४ च्या रॅप्टरला साडेचार. दोन डिस्का जोडल्या म्हणून कुठलंच हेड लवकर पोचत नाही. उलट फाइल दोन्हीकडे फाटलेली असली तर जी डिस्क उशिरा पोचते तिची वाट बघावी लागते. माझ्या स्टॉपवॉचवर मोठी फाइल कॉपी करताना रेड स्पष्ट पुढे असायचं. विंडोज चालू होताना आणि प्रोजेक्ट उघडताना रॅप्टर. गिऱ्हाईक दुकानात आलं की बोर्डवाला त्याला कॉपी करून दाखवायचा.

क्लिप वाचायची एका डिस्कवरून आणि रेंडर लिहायचं दुसरीवर, यातल्या फायद्याबद्दल तर त्या काळात आमच्या भागात कुणी बोलतच नव्हतं. एकाच डिस्कवर वाचणं-लिहिणं दोन्ही असलं की हेड दोन गावांमध्ये खेपा घालत बसतं. नवीन दुकान टाकणाऱ्या पोरांना मी आजही सांगतो, गिऱ्हाईक नेमकं कशाची वाट बघतंय ते आधी त्याच्या शेजारी तासभर बसून बघा, मग कोटेशन काढा.

आता अण्णा. तासगावचे फोटोग्राफर, डार्करूमच्या काळापासूनचा स्टुडिओ. दर पंधरा दिवसांनी पहिल्या एस.टी.ने यायचे, पिशवीत आमच्यासाठी बेदाण्याची पुडी. खिशात एक छोटी डायरी. मशिन अडकलं की वेळ आणि काय करत होते ते त्यात लिहून ठेवायचे: “११.४०, गाणं लावताना.” इतकी व्यवस्थित तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. माझा मूळ हिशोब त्या डायरीवरूनच झाला.

२००५ च्या मार्चपर्यंत आमचे नऊ स्टुडिओ बोर्डवाल्याकडे गेले होते. मावसभाऊ रोज म्हणायचा, “दादा, लोकांना जे पाहिजे ते द्यायचं. आपण मास्तरकी कशाला करायची?” अण्णा नवीन मशिन घ्यायला आले तेव्हा मी बँकेत गेलो होतो. मावसभावाने अण्णांना रेडचं कोटेशन दिलं. अण्णांनी मला फोन करून विचारलं, “तुम्ही म्हणाल तसं.” आणि मी हो म्हणालो. पुढे जे झालं त्यात माझा वाटा एवढाच, पण तो आहे.

मशिन मीच जोडलं. दोन ८० च्या डिस्का, ६४ केबीची पट्टी, म्हणजे एका डिस्कवर तेवढं लिहून झालं की पुढचं दुसरीवर. विंडोज, प्रोजेक्ट, क्लिपा सगळं त्याच रेडवर, कारण तिसऱ्या डिस्कचे पैसे कोटेशनमधून कमी केले होते. जोडताना सवयीप्रमाणे कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिठ्ठी चिकटवली: पट्टी ६४, पहिली डिस्क पोर्ट ०, दुसरी पोर्ट १.

मे महिना, ऐन लग्नसराई, वर लोडशेडिंग. एका दुपारी अण्णांचा फोन आला, “मालक, मशिन पाल चुकचुकल्यासारखं करतंय.” मी तासगावला गेलो. डिस्कचा आवाज ऐकायची माझी पद्धत जुनी आहे. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक डिस्कच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची. पोर्ट ० च्या डिस्कचा आवाज एकसारखा, मऊ. पोर्ट १ ची मात्र फिरून वर यायची, टक, टक, टक, आणि थांबायची. पुन्हा टक, टक, टक. मी दोन्ही केबली काढल्या आणि अण्णांना म्हटलं, आता हे मशिन चालू करायचं नाही.

रेड झीरोत एक डिस्क गेली तर निम्मा डेटा वाचतो असं अजूनही पुष्कळांना वाटतं. एक फ्रेम १,४४,००० बाइटची, पट्टी ६५,५३६ ची. म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन पट्ट्यांहून मोठी, प्रत्येक फ्रेम दोन्ही डिस्कांवर वाटली गेलेली. चांगल्या डिस्कवर एकही फ्रेम अख्खी नव्हती.

मशिनवर चार लग्नं होती. दोघांच्या कॅसेटी शिल्लक होत्या, त्या पुन्हा कॅप्चर केल्या. बाकी दोघांच्या कॅसेटींवर पुढच्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. तेव्हा सगळेच कॅसेट तीन-चार वेळा वापरायचे, अण्णांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

डिस्का मुंबईला रिकव्हरीवाल्याकडे नेल्या. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवावं लागेल म्हणाला. खर्च ३८,००० रुपये. दुकानात तेवढे नव्हते. पतसंस्थेतली पिग्मी मोडली, वर दोघा व्यापाऱ्यांकडून उसने घेतले. मावसभाऊ म्हणाला, अण्णांकडून निम्मे घेऊ. मी नाही म्हटलं. त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं त्यानंतर तो महिन्याभरात पुण्याला नोकरीला गेला. भागीदारी मोडली, नातं टिकलं. पण त्या जूनमध्ये गाळ्यात मी एकटा होतो, भाडं दोन महिन्यांचं थकलं होतं, आणि बोर्डवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की यांनी बांधलेलं पहिलंच रेड फुटलं. ज्याने आम्हाला रेड विकायला भाग पाडलं त्यानेच हे सांगावं, याचा राग माझा आजही गेलेला नाही.

बारा दिवसांनी मुंबईहून फोन आला. डिस्कची कॉपी निघाली होती, पण दोन्ही डिस्का एकमेकींत बसवायच्या कशा? पट्टी किती केबीची, पहिली कुठली? मी तासगावला फोन लावला. अण्णांनी कॅबिनेट उघडून बॅटरीच्या उजेडात चिठ्ठी वाचून दाखवली. दोन्ही लग्नं मिळाली. मधे काही ठिकाणी चौकटी-चौकटी आल्या होत्या, त्या अण्णांनी स्टिल फोटो टाकून झाकल्या. दोन्ही घरी जाऊन काय झालं ते त्यांनी स्वतः सांगितलं, आमच्या दुकानाचं नाव न घेता. हे मला वर्षभराने तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

रेड बांधणाऱ्याने ही चिठ्ठी लावावीच. बायोसचा, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग धरून ठेवणारा सेल उतरला की सेटिंग रेडवरून साध्या मोडवर जाते, विंडोज विचारते डिस्क इनिशियलाइज (कोऱ्यासारखी तयार) करू का, आणि घाबरलेला माणूस हो म्हणतो. तिथे काहीही न लिहिता सेटिंग परत बदललं तर बहुतेक वेळा सगळं जागेवर असतं. बोर्डवाल्याने विकलेली अशी सात मशिनं पुढच्या दोन वर्षांत आमच्या टेबलावर आली. पाच जशीच्या तशी चालू करून दिली. त्याने २००७ मध्ये दुकान मोबाइलचं केलं.

नऊपैकी सहा स्टुडिओ परत आले. नंतरची वर्षं बरी गेली. २०११ ला थायलंडला पूर आला आणि सांगलीत डिस्कचे भाव दुपटीवर गेले, तेवढं लक्षात आहे. मग चिपवर साठवणारी एसएसडी आली आणि हेडच राहिलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गिऱ्हाइकांच्या बॅकपच्या डिस्का पोत्यात भरून विश्रामबागला घरी नेल्या होत्या. गाळ्यातलं फर्निचर गेलं. डिस्क एकही गेली नाही.

अण्णा आता थकलेत. स्टुडिओ मुलगा बघतो. मागच्या महिन्यात तो आला, “काका, दोन एनव्हीएमई एसएसडी रेड झीरोत टाकून द्या, फोर-केचं काम वाढलंय.” मी चलन बुकाचं पान उलटं केलं. कॅमेरा १०० मेगाबिटचा, असे चार कॅमेरे एकदम टाइमलाइनवर, ४०० मेगाबिट. आठाने भागलं, सेकंदाला ५० एमबी. एकटी एनव्हीएमई सेकंदाला ३,५०० वाचते. पान त्याच्याकडे सरकवलं. त्याने आकडे दोनदा मोबाइलवर करून बघितले आणि पान घडी घालून खिशात ठेवलं.

वाचलेल्या पैशात ८ टीबीच्या दोन साध्या डिस्का घेतल्या, मुद्दाम वेगवेगळ्या लॉटमधल्या. एक तासगावला स्टुडिओत असते, दुसरी विश्रामबागला आमच्या माळ्यावर. दर पंधरवड्याला तो येतो आणि दोघींची अदलाबदल करून नेतो. मशिनमध्ये रेड नाही, तरी चिठ्ठी आतून लावलीय. बेदाण्याची पुडी अजून येते.