एकट्या पेशीचा स्नायू का होत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

मी लॅबमध्ये स्नायूंच्या पेशी वाढवते हे कळलं की हमखास एक प्रश्न येतो, डीएनए सगळ्या पेशींत सारखाच ना, मग आपण स्नायू व्हायचं, कातडी नाही, हे पेशीला कळतं कसं? परवा भाच्यानेही तेच विचारलं म्हणून लिहूनच टाकते.

बरंचसं शेजारणींकडून, म्हणजे आजूबाजूच्या पेशींकडून कळतं. वाचलं होतं आधीच, पण पटलं माझ्या हातून चूक झाली तेव्हा. आमच्याकडे सी२सी१२ नावाच्या पेशी असतात, उंदराच्या स्नायूपासून काढलेल्या. प्लेट दाट भरली की सीरम (रक्तातून काढलेला, पेशींना वाढवणारा द्रव) 10 टक्क्यांवरून 2 वर आणायचं, मग त्या वाढणं थांबवून स्नायू व्हायला लागतात. एकदा माझं काउंटिंग चुकलं, सेल्स फार विरळ पडल्या आणि मी घाईत तसंच सीरम कमी केलं. पाच दिवस रोज बघतेय तर इथे एक, तिथे एक, नुसत्या पसरलेल्या. शेजारच्या दाट प्लेटमध्ये मात्र सगळ्या एका दिशेने लागलेल्या, एकमेकींत मिसळून लांब नळ्या झालेल्या, आत मण्यांसारखी केंद्रकं ओळीने, आणि एक नळी तर माझ्यासमोर आखडली! मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मिसळायचं तर दुसरी लागणारच, त्यात काय विशेष. पण ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी (2012 चं नोबेल मिळालेले) बेडकाच्या भ्रूणात दाखवलं ते मिसळण्याच्याही आधीचं आहे. पुढे स्नायू होणाऱ्या पेशी सुट्या केल्या तर त्या स्नायूंची जनुकं नीट चालूच करत नाहीत, साधारण शंभर जणी एकत्र ठेवल्या की करतात. 1988 मध्ये त्यांनी याला कम्युनिटी इफेक्ट, म्हणजे समूहाचा परिणाम म्हटलं. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

शिवाय वेगळ्या जातीच्या शेजारणी असतातच. भ्रूणात पाठीच्या मधोमध असणारी मज्जानलिका (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी) आणि तिच्याखालचा नोटोकॉर्ड नावाचा दांडा यांच्याकडून स्नायू व्हायचा निरोप येतो, बाजूच्या ऊतीकडून बीएमपी नावाचं प्रोटीन येतं ते म्हणतं इतक्यात नको. आणि कोंबडीच्या भ्रूणात तर न्यूरल क्रेस्टच्या (मज्जानलिकेच्या वरच्या कडेच्या) पेशी दुसरीकडे निघालेल्या असतात, वाटेत या पेशींना डेल्टा नावाच्या प्रोटीनने नुसत्या स्पर्श करून जातात, तेवढ्यावर यांचं काम सुरू होतं. तो स्पर्श थोडाच वेळ हवा, त्याने पेशीत सुरू होणारा नॉच नावाचा सिग्नल चालूच राहिला तर पेशी स्नायू होतच नाही, तशीच थांबून राहते.