खुर्च्या नसलेली मैफल

नुसतं वाद्यसंगीत लावलं की घरात कुणीतरी हमखास विचारतं, ‘गाणं कधी सुरू होणार?’ आमच्याकडे हा प्रश्न बहुतेक रविवारी सकाळी येतो. ओट्यावर कांदे चिरणं चाललेलं असतं आणि मोबाइलवर मेडेस्की, मार्टिन अँड वूड यांचा ‘शॅक-मॅन’ हा अल्बम वाजत असतो. गाणं सुरू होणार नसतंच. पण विचारणाऱ्याचा पाय तोवर ठेका धरून बसलेला असतो, आणि ते त्याच्या गावीही नसतं.

मेडेस्की, मार्टिन अँड वूड हे न्यूयॉर्कचं त्रिकूट १९९१ सालचं. जॉन मेडेस्की की-बोर्डवर, बिली मार्टिन ड्रम्सवर आणि क्रिस वूड बासवर. नाव एखाद्या वकिली फर्मला शोभेल असं, वाजवणं मात्र एकदम बेशिस्त वाटणारं. ‘वाटणारं’ म्हणालो, कारण बास आणि ड्रम्स यांच्यात ठेक्याचा जो हिशेब चाललेला असतो तो कमालीचा चोख आहे. बास एक छोटीशी ओळ धरतो आणि सोडतच नाही. मार्टिन तिच्या आजूबाजूला घंटा, खुळखुळे, काठ्या असं काय काय पेरत राहतो. मग वरून ऑर्गन येतो, जरा उशिरा, घरच्या कार्यात मामा येतात तसा.

हा ऑर्गन म्हणजे हॅमंड. १९३५ साली बाजारात आला तो मुख्यतः चर्चसाठी, कारण पाइप ऑर्गन परवडायचा नाही. आत दातेरी लोखंडी चकत्या विजेवर फिरतात आणि त्यातून स्वर निघतो. आवाज जातो लेस्ली नावाच्या लाकडी कपाटात, तिथेही कर्णा गरगर फिरत असतो, म्हणून तो स्वर असा लहरत येतो. पुढे ऑर्गनवादक जिमी स्मिथनं १९५६पासून हे धूड जॅझमध्ये ठाण मांडून बसवलं. त्या परंपरेत ऑर्गनवालाच डाव्या हातानं आणि पायांनी बास वाजवतो, सोबत गिटार आणि ड्रम्स. मेडेस्कीकडे बासला वूड आहे आणि गिटार नाहीच. त्यामुळे त्याचा डावा हात मोकळा. मग उजवा हात ऑर्गनवर असताना डावा शेजारच्या क्लॅव्हिनेट नावाच्या विजेवरच्या की-बोर्डवर चुरचुरीत काहीतरी करत असतो. ऐकताना चौथा माणूस शोधू नये, तो नाही.

मुळात मेडेस्की पियानोवाला. पण ही मंडळी गाडीत सामान टाकून गावोगाव रॉक क्लबांमधून वाजवत हिंडायला लागली आणि तिथे पियानो नसायचे. म्हणून ऑर्गन आला. रॉक क्लबात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे खुर्च्या. माझ्या मते पुढची सगळी भानगड इथून सुरू होते. जॅझ क्लबात लोक टेबलापाशी बसतात, सोलो संपला की टाळ्या वाजवतात. इथे लोक उभे, आणि उभा माणूस फार वेळ नुसता उभा राहत नाही. त्यातच फिश या लोकप्रिय जॅम बँडनं, म्हणजे मंचावर सुचेल तसं लांबवत वाजवणाऱ्या मंडळींनी, आपल्या मैफलींच्या मध्यंतरात यांच्या रेकॉर्डी लावल्या, १९९५ साली न्यू ऑर्लिन्सला रंगमंचावर सोबतही घेतलं. जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन, त्याचं नावही न ऐकलेली पोरं यांच्या कार्यक्रमांना येऊन घाम गाळू लागली. मग जॅझच्या जाणकारांना प्रश्न पडला, हे जॅझ आहे का? आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लावणीसुद्धा बैठकीची असली की आपल्याकडे तिचा मान वेगळा असतो, आणि फडात उभी राहिली की वेगळा. बसण्याउठण्यावरून कलेची जात ठरवणं कुणा एकाचा मक्ता नाही.

‘शॅक-मॅन’ १९९६चा, हवाईतल्या जंगलात एका झोपडीत ध्वनिमुद्रित केलेला. नाव त्यावरूनच. आवाज तसाच आहे, जवळचा, थोडा ओलसर, काचेच्या स्टुडिओतली तकाकी नाही. सुरुवात एका जुन्या चर्चगीतानं होते, फक्त शब्द काढून टाकलेले; ऑर्गनला माहेरी आल्यासारखं वाटत असावं. पुढे ‘नाइट मार्चर्स’ नावाची रचना येते. हवाईत समजूत आहे की काही रात्री जुन्या योद्ध्यांची भुतं मशाली घेऊन, ढोल वाजवत मिरवणुकीनं जातात आणि वाटेत सापडलेल्यानं त्यांच्याकडे न बघता जमिनीवर पालथं पडावं. कोकणात वेताळाच्या पालखीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोनच वर्षांनी, १९९८ साली, हे तिघे ब्लू नोटवर गेले, म्हणजे जिमी स्मिथच्या रेकॉर्डी काढणाऱ्या नामांकित जॅझ कंपनीत. ‘कंबस्टिकेशन’ या त्या रेकॉर्डवर त्यांनी तबकड्या घासणारा डीजे लॉजिकही सोबत घेतला. जॅझचा शिक्का मिळाला त्याच दारातून डीजेलाही आत आणणं, हा खट्याळपणा मला फार आवडतो. स्वयंपाकघरातला प्रश्न अजून तोच आहे. मी आता उत्तर देत नाही, आवाज जरा वाढवतो.